औषधाच्या खात्रीसाठी झटलेले काशीचे आचार्य : महादेवलाल श्रॉफ

वाराणसी, ६ मार्च : देशभरातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत ६ मार्च हा दिवस राष्ट्रीय औषधनिर्माणशास्त्र शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, जनऔषधी दिन असतो. पहिला दिवस काशी हिंदू विश्वविद्यालयात या शास्त्राच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घालणारे प्रा. महादेवलाल श्रॉफ यांचा जन्मदिवस आहे. दुसरा दिवस सर्वसामान्यांना परवडणाऱ्या दरात औषधे मिळावीत यासाठीच्या सरकारी योजनेचा आहे. हे दोन दिवस दिनदर्शिकेत शेजारी आले आहेत आणि त्यांमागील प्रश्नही एकमेकांचे शेजारीच आहेत. औषध स्वस्त असणे पुरेसे नसते. ते खरे आणि योग्य मात्रेचे आहे, याची खात्री रुग्णाला मिळाली तरच त्या स्वस्ताईला अर्थ उरतो. ही खात्री देऊ शकतील अशी माणसे भारतातच घडवण्याचे काम श्रॉफ यांनी १९३२ मध्ये वाराणसीत सुरू केले.

महादेवलाल श्रॉफ यांचा जन्म ६ मार्च १९०२ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. शालेय शिक्षण भागलपूरला झाले. त्यांचे तारुण्य असहकाराच्या चळवळीने भारलेल्या काळात गेले. उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी मिळवली आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी कोलकात्यात बिर्ला बंधूंकडे नोकरी केली. ज्यांना पुढे भारतीय औषधनिर्माणशास्त्र शिक्षणाचे जनक म्हटले गेले, त्यांची पदवी रसायनशास्त्रातील होती. त्यांनी अंगीकारलेल्या कार्याची दिशा समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते. औषधाकडे ते प्रथमतः रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहत. एखाद्या पदार्थात नेमके काय आहे, किती आहे आणि ते कशावरून सिद्ध करता येते, हे या शास्त्राचे मूलभूत प्रश्न आहेत. भारतीय औषध बाजाराला त्या काळी नेमके हेच प्रश्न विचारण्याची गरज होती.

बाजारातील अनागोंदी

१९२०च्या दशकात भारतात विकल्या जाणाऱ्या आधुनिक औषधांपैकी फार मोठा भाग परदेशातून येत असे. प्रफुल्लचंद्र राय यांनी उभारलेली बंगाल केमिकल ही कंपनी आणि १९०७ मध्ये बडोद्यात सुरू झालेली ॲलेंबिक यांसारखे स्वदेशी कारखाने होते, पण देशाच्या गरजेपुढे त्यांचे उत्पादन तोकडे होते. औषधांची शुद्धता तपासणारा देशव्यापी कायदा नव्हता. कोणीही औषध आयात करावे, कोणीही ते विकावे, अशी स्थिती होती. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेले मिश्रण कंपाउंडर बाटलीत भरून देई आणि मात्रा कळावी म्हणून बाटलीच्या बाजूला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. मद्रास आणि बंगाल या प्रांतांत कंपाउंडरांसाठी छोटे अभ्यासक्रम एकोणिसाव्या शतकापासून होते. मात्र औषध कसे तयार करावे आणि कसे तपासावे, याचे विद्यापीठीय शिक्षण देशात कोठेही मिळत नव्हते.

या अनागोंदीचा सर्वाधिक फटका हिवतापाच्या रुग्णांना बसत होता. हिवतापावरील क्विनाईन, म्हणजे जुन्या मराठीतील कोयनेल, हे त्या काळी जीव वाचवणारे औषध होते. दार्जिलिंगच्या डोंगरातील मुंगपू आणि दक्षिणेतील निलगिरी येथे सिंकोना झाडांचे सरकारी मळे होते. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपाल कार्यालयांतून क्विनाईनच्या पुड्या एका पैशाला विकण्याची व्यवस्था सुरू झाली. औषधाचा स्वस्त दर आणि त्याच्या शुद्धतेची हमी या दोन्ही गोष्टी त्या पुडीत एकत्र आल्या होत्या. ती सरकारने भरलेली आहे, एवढा भरवसा सामान्य माणसाला पुरेसा होता. पण देशाच्या गरजेच्या मानाने हा पुरवठा फारच अपुरा होता. उरलेली गरज खुला बाजार भागवी आणि तेथे क्विनाईनमध्ये सर्रास भेसळ होई. कमी मात्रेचे औषध घेतलेल्या रुग्णाचे पैसे जात, ताप मात्र उतरत नसे.

क्विनाईनच्या भेसळीचा प्रश्न १९२७ मध्ये तत्कालीन केंद्रीय विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात गाजला. त्यानंतर १९३० मध्ये सरकारने कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील औषधशास्त्रज्ञ रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. मुंबईत संशोधन करणारे फादर कायस हेही या समितीचे सदस्य होते. समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. बाजारात कमअस्सल आणि भेसळीची औषधे मोठ्या प्रमाणावर आहेत, असा निर्वाळा देऊन तिने केंद्रीय कायदा, तपासणी प्रयोगशाळा आणि औषध व्यवसायाचे नियमन यांची शिफारस केली. कायदा आणि प्रयोगशाळा उभारणे सरकारच्या हाती होते. पण त्या प्रयोगशाळांत काम करणारी प्रशिक्षित माणसे कोठून आणायची, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

काशीतील प्रारंभ

हे उत्तर वाराणसीत मिळाले, त्याला एक पार्श्वभूमी होती. पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राच्यविद्येइतकेच महत्त्व तंत्रशिक्षणाला दिले होते. भारतीय औद्योगिक आयोगाचे सदस्य असताना त्यांनी स्वतंत्र टिपण जोडून देशातील उद्योगांच्या मागासलेपणाची आणि तंत्रशिक्षणाच्या अभावाची सविस्तर मीमांसा केली होती. अभियांत्रिकी महाविद्यालय, धातुशास्त्र आणि खाणकाम, औद्योगिक रसायनशास्त्र यांचे शिक्षण या विश्वविद्यालयात एकामागून एक सुरू झाले. आयुर्वेदाच्या अध्यापनालाही तेथे मानाचे स्थान होते. औषधाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करण्यासाठी याहून अनुकूल जागा त्या काळी क्वचितच सापडली असती.

मालवीयांच्या पाठबळाने श्रॉफ यांनी १९३२ मध्ये विज्ञान पदवीच्या अभ्यासक्रमात औषधी रसायनशास्त्र हा विषय सुरू केला. दोन वर्षांत त्याची व्याप्ती वाढली. औषधी रसायनशास्त्राच्या जोडीला औषधनिर्माण आणि वनस्पतिज औषधांची ओळख पटवणारे औषधीद्रव्य विज्ञान हे विषय मुख्य झाले. जुलै १९३७ पासून बी. फार्म. हा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. या विषयातील भारतातील ही पहिली पदवी होय. पुढे तेथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनही सुरू झाले.

या अभ्यासक्रमाचा कल श्रॉफ यांची दृष्टी स्पष्ट करतो. त्यात विश्लेषणाला मोठे स्थान होते. विद्यार्थ्याने द्रव्याचा वितळणबिंदू काढावा, त्यातील क्रियाशील घटकाचे प्रमाण मोजावे, मुळांची वा सालींची पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती कोणत्या वनस्पतीची आहे आणि तिच्यात काय मिसळले आहे हे ओळखावे, अशी अपेक्षा असे. सिंकोनाच्या सालीत क्विनाईन किती आहे हे मोजता येणारा पदवीधर भेसळीच्या बाजाराला प्रयोगशाळेतून उत्तर देऊ शकत होता. औषधावर कोणाची मोहर आहे, याऐवजी औषधात काय आहे, हे पाहण्याची सवय या शिक्षणाने लावली.

औषधाच्या किमतीशी या सवयीचा थेट संबंध आहे. खरेदीदाराला वस्तूची पारख करता येत नसेल, तर तो नावाकडे पाहतो आणि नावासाठी जास्त पैसे मोजतो. औषधाच्या बाबतीत रुग्ण नेहमीच असा अगतिक खरेदीदार असतो. पांढऱ्या गोळीत काय आहे, हे त्याला चव घेऊन किंवा रंग पाहून कळत नाही. म्हणूनच परदेशी कंपनीच्या नावाला त्या काळी किंमत होती. ती किंमत मुख्यतः विश्वासाची होती. विश्वास निर्माण करण्याचे काम सार्वजनिक यंत्रणेने आणि तज्ज्ञ माणसांनी हाती घेतले, तर नावापोटी मोजावे लागणारे पैसे वाचू शकतात. वाराणसीतील त्या वर्गखोल्यांचे आर्थिक महत्त्व येथे आहे.

व्यवसायाची उभारणी

पदवी सुरू झाली तरी पदवीधरांना ओळख नव्हती. समाजाच्या लेखी औषधाशी संबंधित माणूस म्हणजे डॉक्टर किंवा कंपाउंडर. श्रॉफ यांनी अध्यापनाबरोबरच संघटनेचे काम हाती घेतले. १९३५ मध्ये संयुक्त प्रांत औषधनिर्माण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी पुढे सिपला या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी स्थापन केली. औषधाचे स्वदेशी उत्पादन आणि औषधाचे स्वदेशी शास्त्र या दोन्ही प्रवाहांना तो काळ सारखाच बळ देत होता. १९३९ मध्ये प्रांतिक संघटनेचे रूपांतर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन या अखिल भारतीय संस्थेत झाले. त्याच वर्षी काशीतून इंडियन जर्नल ऑफ फार्मसी हे नियतकालिक निघू लागले. त्याच्या संपादनाची धुरा श्रॉफ यांच्याकडे होती. औषधांच्या शुद्धतेची, तपासणीच्या पद्धतींची आणि व्यवसायाच्या नियमनाची चर्चा करायला देशाला प्रथमच स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

कायद्याची चाकेही याच सुमारास हलली. कोलकात्यात औषधांच्या प्रमाणीकरणासाठी केंद्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. १९४० मध्ये औषध कायदा संमत झाला. चोप्रा समितीच्या शिफारशींना मूर्त रूप येण्यास जवळपास एक दशक लागले होते. दुसऱ्या महायुद्धाने या दिरंगाईची किंमत दाखवून दिली. परदेशी औषधांची आवक मंदावली. १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या हाती गेले आणि जगाला क्विनाईन पुरवणारा सर्वांत मोठा स्रोत तुटला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. भुकेने खंगलेली माणसे हिवतापाने दगावू लागली, तेव्हा औषध दुर्मीळ झाले होते आणि काळ्या बाजारात गेले होते. औषधासाठी परक्यांवर विसंबणाऱ्या देशात संकटकाळी गरिबाला औषध कोणत्याच भावाने मिळत नाही, हा धडा त्या वर्षांनी दिला.

याच काळात श्रॉफ यांनी विश्वविद्यालय सोडले आणि ते कोलकात्यात बिर्ला समूहाच्या औषध प्रयोगशाळेत गेले. मात्र शिक्षणापासून ते फार काळ दूर राहिले नाहीत. पुढे पिलानी, सागर आणि जादवपूर येथील औषधनिर्माणशास्त्र विभागांच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडले गेले. एका ठिकाणी जम बसल्यावर तेथे स्थिरावण्याऐवजी नव्या विद्यापीठात पुन्हा पायापासून सुरुवात करण्याचा मार्ग त्यांनी निवडला. वाराणसीतील अभ्यासक्रमाचा आराखडा देशातील नंतरच्या महाविद्यालयांना आदर्श ठरला. स्वातंत्र्यानंतर लगेचच, मार्च १९४८ मध्ये, फार्मसी कायदा संमत झाला. औषध देणाऱ्याची नोंदणी आणि किमान शिक्षण यांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

स्वदेशी उत्पादनाचे फळ

काशीत रुजलेल्या या शिक्षणाची फळे पुढील दशकांत दिसू लागली. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला साह्य केले होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंह सोखे यांनी स्वस्त औषधांसाठी सार्वजनिक क्षेत्राचा आग्रह अनेक वर्षे धरला होता. १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी मोठी सरकारी कंपनी स्थापन झाली. या कारखान्यांना आणि त्यांच्यामागून आलेल्या शेकडो खासगी उत्पादकांना रसायनतज्ज्ञ, गुणवत्ता तपासनीस आणि उत्पादन व्यवस्थापक हवे होते. ते औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून मिळाले.

तरीही औषधे महागच होती, कारण नव्या औषधांवर परदेशी कंपन्यांचे पेटंट होते. १९७० मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा केला. औषधाच्या अंतिम पदार्थावरील पेटंट त्याने रद्द केले आणि केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण ठेवले. वेगळी पद्धत शोधून तेच औषध बनवण्याची मुभा भारतीय रसायनतज्ज्ञांना मिळाली. कायद्याने दार उघडले आणि त्यातून आत जाण्याची क्षमता आधीच्या चार दशकांतील शिक्षणाने तयार ठेवली होती. हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. ते पाहण्यासाठी श्रॉफ हयात नव्हते. २५ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

त्या कायद्याचा परिणाम पुढे जगाने पाहिला. २००१ मध्ये सिपलाने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाकाठी १० हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार भारताने औषधांवरील पेटंट पुन्हा लागू केले. पण तोवर भारतीय औषध उद्योगाने जगभरात आपले स्थान पक्के केले होते.

अपुरे राहिलेले काम

वाराणसीत आजही हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर उभा राहतो. विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मोठ्या संख्येने रुग्ण येतात. प्रवेशद्वाराबाहेरील लंका परिसरात औषधांच्या दुकानांची रांग आहे. शहराच्या जुन्या भागातील सप्तसागर ही औषधांची घाऊक बाजारपेठ आहे. एकच औषध या दुकानांत अनेक नावांनी आणि अनेक भावांनी मिळते. देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के भार २०२१-२२ मध्ये कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून उचलला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. औषधांची खरेदी हा त्या खर्चातील मोठा भाग असतो आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांत तो आयुष्यभर चालू राहतो.

सरकारने या ओझ्यावर दोन बाजूंनी उपाय केले. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत २०२२ च्या सुधारणेनंतर ३८४ औषधे आहेत आणि त्यांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. दुसरीकडे, २००८ मध्ये अमृतसरला सुरू झालेल्या पहिल्या केंद्रापासून जनऔषधी केंद्रांची संख्या १५ हजारांच्या पुढे गेली आहे. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, असे सरकार सांगते. विक्रीपूर्वी प्रत्येक खेपेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी केली जाते.

तरीही संशय सरलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना औषधे मूळ नावाने लिहिणे बंधनकारक करणारी नियमावली जाहीर केली. गुणवत्तेची खात्री नसताना अशी सक्ती नको, असा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनेने घेतला आणि त्याच महिन्यात नियमावली स्थगित झाली. सारा वाद पुन्हा चोप्रा समितीच्या प्रश्नापाशी येऊन थांबला. स्वस्त औषध बाजारात आहे, पण ते खरे आहे याची ग्वाही कोणी द्यायची, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

ती ग्वाही देणारा माणूस म्हणून कायद्याने नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे पाहिले होते. प्रत्यक्षात मात्र त्याचे हात बांधलेले आहेत. डॉक्टरांनी विशिष्ट नावाचे औषध लिहिले असेल, तर त्यांच्या संमतीशिवाय त्याच घटकाचे दुसरे औषध देण्यास औषध नियमावली मनाई करते. शिवाय प्रारंभापासून या शिक्षणाचा ओढा कारखान्याकडे आणि प्रयोगशाळेकडे राहिला. त्यामुळे गुणवंत पदवीधर उद्योगात गेले आणि दुकानातील खिडकीपाशी रुग्णाशी बोलणारा तज्ज्ञ मात्र दुर्मीळ राहिला. अनेक ठिकाणी भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लटकत असते आणि औषधे दुसरेच कोणी देत असते. श्रॉफ यांनी सुरू केलेल्या परंपरेतील ही उणीव नाकारता येणार नाही.

वाराणसीतील तो विभाग आज भारतीय तंत्रज्ञान संस्था, काशी हिंदू विश्वविद्यालय या संस्थेचा भाग आहे. विश्वविद्यालयातील तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांची १९६८ मध्ये एकत्रित संस्था झाली आणि २०१२ मध्ये तिला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. एका विषयापासून सुरू झालेल्या शिक्षणाची हजारो महाविद्यालये देशभर झाली आहेत. दरवर्षी ६ मार्चला त्यांत श्रॉफ यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो. औषधाच्या चिठ्ठीवरील खर्चाने हवालदिल झालेल्या रुग्णाला दुकानातील पदवीधराने निःशंकपणे स्वस्त औषध सुचवावे, रुग्णाने ते निःशंकपणे घ्यावे आणि कायद्याने दोघांना साथ द्यावी, असे ज्या दिवशी होईल त्या दिवशी काशीत ९ दशकांपूर्वी हाती घेतलेले काम पुरे होईल.